सिस्टिमॅटिक रिव्ह्यू आणि एचटीए : या वाटेने जाऊ पाहणाऱ्यांसाठी

एम.डी. किंवा एम.पी.एच. संपत आले की दर वर्षी दोघे-तिघे विद्यार्थी माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहतात आणि साधारण एकाच शब्दांत विचारतात, ‘‘सर, एखादे मेटा-ॲनालिसिस पटकन करून टाकू का?’’ त्यांच्या बाजूने पाहिले तर विचार गैर नाही. रुग्ण गोळा करायचे नसतात, प्रसिद्ध झालेलीच माहिती वापरायची असल्यामुळे एथिक्स कमिटीकडे सहसा खेपा घालाव्या लागत नाहीत, आणि लॅपटॉप व इंटरनेट एवढ्यावर सगळे भागेल असे वाटते. माझी हरकत असते ती ‘पटकन’ या शब्दाला. अशा आढाव्यांची, म्हणजे सिस्टिमॅटिक रिव्ह्यूंची, आगाऊ नोंद ब्रिटनमधील प्रॉस्पेरो या नोंदवहीत होते. तिच्यातील १९५ आढाव्यांचा हिशेब २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा नोंदणीपासून प्रसिद्धीपर्यंत सरासरी ६७ आठवडे लागल्याचे आणि एकेका आढाव्यामागे सरासरी पाच लेखक असल्याचे दिसून आले. म्हणजे हे सव्वा वर्षाचे आणि पाच जणांचे काम आहे. त्यात नवख्या माणसाने कुठून शिरावे आणि पुढे त्यावर कारकीर्द कशी उभी करावी, हे मी पायरीपायरीने मांडतो.

आधी सिस्टिमॅटिक रिव्ह्यू आणि एचटीए या दोन्ही शब्दांचा अर्थ पक्का करून घेऊ. सिस्टिमॅटिक रिव्ह्यू म्हणजे एका नेमक्या प्रश्नावर झालेले सर्व अभ्यास आधीच जाहीर केलेल्या नियमांनी शोधणे, पारखणे आणि शक्य असल्यास त्यांचे आकडे एकत्र करणे; हे आकडे एकत्र करण्याच्या गणिताला मेटा-ॲनालिसिस म्हणतात, आणि ते प्रत्येक आढाव्यात असलेच पाहिजे असे मुळीच नाही. या कामाची गरज का पडली ते, असे आढावे करणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या बोधचिन्हातच कोरलेले आहे. त्यातील आडव्या रेघा म्हणजे मुदतपूर्व प्रसूतीच्या बेतात असलेल्या स्त्रियांना कॉर्टिकोस्टेरॉइड देऊन पाहिलेल्या चाचण्या. त्यातली पहिली न्यूझीलंडमध्ये झाली आणि १९७२ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे आणखी चाचण्या होत गेल्या, पण त्या सगळ्या एकत्र मांडणारा आढावा १९८९ पर्यंत निघाला नाही. या स्वस्त औषधाने बाळांचा जीव वाचतो हे मधल्या काळात बहुतेक प्रसूतितज्ज्ञांच्या लक्षातच आले नव्हते.

एचटीए, म्हणजे हेल्थ टेक्नॉलॉजी असेसमेंट, त्याच्या पुढचा प्रश्न विचारते. उपचार गुणकारी आहे हे मान्य. पण सरकारी पैशातून तो द्यावा का, कोणाला द्यावा आणि कोणत्या किमतीला घ्यावा? ब्रिटनमध्ये १९९९ मध्ये स्थापन झालेली नाइस ही संस्था याच कामासाठी ओळखली जाते. आपल्याकडे केंद्र सरकारच्या आरोग्य संशोधन विभागात २०१७ मध्ये ‘एचटीएइन’ ही यंत्रणा उभी राहिली. सरकारी खाती तिच्याकडे विषय पाठवतात, तांत्रिक समिती ते तपासते आणि प्रत्यक्ष अभ्यास देशभरातील संसाधन केंद्रे करतात. चंदीगडचे पीजीआय आणि तिरुअनंतपुरमची श्री चित्रा तिरुनाल संस्था ही त्यांतली ठळक नावे. आपल्याला जवळचे केंद्र म्हणजे मुंबईत परळला असलेली आयसीएमआरची प्रजनन व बालआरोग्य संशोधन संस्था. प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावात गर्भाशयात फुगवायच्या बलूनचा खर्च सरकारी रुग्णालयांना परवडतो का, यावरचा अभ्यास याच संस्थेत झाला.

पहिली पायरी : एक चांगला आढावा उसवून पाहा

नवखा माणूस सहसा पुस्तकापासून सुरुवात करतो. कोक्रेनचे हँडबुक इंटरनेटवर फुकट आहे आणि ते लागेलच. पण ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायला बसलेले बहुतेक जण तिसऱ्या प्रकरणात थकतात, असा माझा अनुभव आहे. त्यापेक्षा तुमच्या विषयातला एक कोक्रेन आढावा घ्या आणि शिवलेला कपडा उसवून त्याची बेतणी पाहावी तसा तो उसवा. परिशिष्टात दिलेली शोधाची ओळ न ओळ पबमेड या वैद्यकीय निबंधांच्या डेटाबेसमध्ये टाकून पाहा आणि किती निबंध निघतात ते मोजा. फॉरेस्ट प्लॉट, म्हणजे प्रत्येक अभ्यासाचा निकाल एकेका आडव्या रेघेने दाखवणारी आकृती, तिच्यातली कोणतीही एक रेघ निवडा, तिचा मूळ शोधनिबंध मिळवा आणि त्या रेघेतले आकडे निबंधाच्या कोणत्या तक्त्यातून आले ते बोट ठेवून शोधा. दहातल्या तीन-चार वेळा आकडे सरळ सापडणार नाहीत. लेखकांनी टक्केवारीवरून संख्या काढली असेल, आलेखावरून मोजली असेल किंवा मूळ संशोधकांना ईमेल करून मागवली असेल. हा उद्योग दोन आठवड्यांचा आहे. तो केलेला विद्यार्थी आणि न केलेला विद्यार्थी यांतला फरक मला पहिल्या भेटीत कळतो.

दुसरी पायरी : दुसऱ्याच्या आढाव्यात चाळणीला बसा

स्वतःचा आढावा सुरू करण्याआधी दुसऱ्याच्या आढाव्यात काम करा, हा माझा सगळ्यात ठाम सल्ला आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये कोक्रेनचे जुने केंद्र आहे, मणिपालमध्ये पुरावा-संकलनाचे काम करणारा गट आहे, आणि तुमच्या स्वतःच्या कॉलेजात पीएसएम (सामाजिक वैद्यकशास्त्र) किंवा फार्माकॉलॉजी विभागात कोणी ना कोणी आढाव्यात गुंतलेले असतेच. त्यांना पत्र लिहिताना ‘‘मला या विषयात रस आहे’’ एवढेच लिहू नका, कारण रस सगळ्यांनाच असतो. तुम्ही कोणता आढावा उसवून पाहिलात, त्यात काय अडले आणि आठवड्याला किती तास देऊ शकता, हे चार ओळींत लिहा. माणूस हवाच असतो, कारण चाळणीच्या कामाला कोणत्याही गटात माणसे नेहमी कमी पडतात.

चाळणी म्हणजे शोधातून निघालेल्या दोन-तीन हजार निबंधांची शीर्षके व सारांश वाचून कामाचे ठेवणे आणि बाकीचे बाजूला काढणे. हे काम दोन जण एकमेकांचे उत्तर न पाहता करतात. रय्यानसारख्या सॉफ्टवेअरमध्ये ते सोपे जाते. मतभेद झाले तर तिसऱ्याकडे जातात. ते कंटाळवाणे आहे हे लपवण्यात अर्थ नाही. पण पहिले दोनशे सारांश वाचून झाल्यावर ‘तुलनेचा गटच नाही’, ‘हा तर प्राण्यांवरचा अभ्यास’, ‘हाच अभ्यास दुसऱ्या नियतकालिकात पुन्हा छापला आहे’ हे डोळ्यांना आपोआप दिसू लागते, आणि ही नजर कोणत्याही कार्यशाळेत मिळत नाही. अलीकडे या कामात एआयची मदत घेतात. ती दुसऱ्या वाचकाला पूरक म्हणून ठीक, पण चुकून वगळलेल्या निबंधाचा जाब शेवटी तुम्हालाच द्यायचा असतो.

लेखकांत नाव येणार की आभारात, हे काम सुरू होण्याआधीच विचारून घ्या. आपल्याकडे विद्यार्थ्याला हे विचारणे उद्धटपणाचे वाटते. मात्र वर्षभराने होणारी कटुता त्याहून महाग पडते.

तिसरी पायरी : स्वतःचा प्रश्न, आणि तो अडकवून टाकणारा प्रोटोकॉल

आता उदाहरण घेऊ. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातील ५२.२ टक्के गरोदर स्त्रियांत रक्तक्षय आढळला. गोळ्या दिल्या जातात, पण पोटात मळमळते, घेतल्या जात नाहीत, म्हणून शिरेतून लोह द्यावे का हा प्रश्न कोणत्याही ग्रामीण रुग्णालयात दर आठवड्याला पडतो. तो आढाव्याचा प्रश्न करायचा तर त्याचे चार भाग करावे लागतात : कोणत्या स्त्रिया, कोणते लोह, कशाशी तुलना आणि कोणता परिणाम. यातल्या प्रत्येक भागात एकेक सापळा आहे. सगळ्या गरोदर स्त्रिया घ्यायच्या की हिमोग्लोबिन दहाच्या खाली असलेल्याच? आयर्न सुक्रोज आणि फेरिक कार्बोक्सिमाल्टोज ही शिरेतून द्यायची दोन लोह-औषधे एकाच पिशवीत टाकायचे की वेगवेगळे? परिणाम म्हणून फक्त हिमोग्लोबिन मोजायचे, की रक्त भरावे लागले का आणि बाळाचे वजन किती होते हेही पाहायचे? हिमोग्लोबिन अर्ध्या ग्रॅमने वाढले, यात रुग्णाला स्वतःहून काहीच जाणवत नाही, हे लक्षात ठेवले की उत्तर सापडते.

हे निर्णय आकडे पाहण्याआधी लिहून प्रॉस्पेरोवर नोंदवायचे; या लेखी आराखड्यालाच प्रोटोकॉल म्हणतात. आकडे पाहिल्यावर नियम बदलण्याचा मोह प्रत्येकाला होतो, मलाही होतो. नोंदवलेला प्रोटोकॉल त्या मोहाला चाप लावतो. त्याच नोंदवहीत आधी शोधूनही घ्या, कारण तुमच्याच प्रश्नावर आणखी तीन गट काम करत असण्याची शक्यता बरीच असते. संशोधनपद्धतींचे अभ्यासक जॉन आयोआनिडिस यांनी २०१६ मध्ये आढाव्यांच्या या घाऊक उत्पादनावर खरमरीत टीका केली होती : अनेक आढावे अनावश्यक, कित्येक दिशाभूल करणारे आणि फार थोडे उपयोगाचे, असा तिचा रोख होता. मला ती पटते. सहा चाचण्यांवर नववा आढावा लिहिण्यापेक्षा जुना चांगला आढावा अद्ययावत करणे हे अधिक उपकाराचे काम आहे.

चौथी पायरी : शोध

इथे ग्रंथपालाची मदत घ्या. वैद्यकीय महाविद्यालयांत ग्रंथपालाकडे लोक पुस्तक परत करायलाच जातात, आणि शोधाचे शास्त्र शिकलेला तो एकमेव माणूस तसाच बसून राहतो. रक्तक्षयाला इंग्रजीत ‘अनीमिया’ म्हणतात, आणि त्याचे ब्रिटिश स्पेलिंग अमेरिकी स्पेलिंगापेक्षा एका अक्षराने मोठे आहे. पबमेड अनेकदा दोन्ही रूपे स्वतःहून जुळवून घेते, पण अवतरणचिन्हात घातलेला शब्द किंवा दुसरा डेटाबेस तशी दया दाखवेलच असे नाही. त्या एका अक्षरापायी लंडनमधील किंवा भारतीय नियतकालिकातील चाचण्या जाळ्यातून निसटू शकतात. औषधाचे मूळ नाव, ब्रँडची नावे, ‘शिरेतून’ यासाठीचे चार-पाच शब्द आणि डेटाबेसची स्वतःची विषयशीर्षके, हे सगळे जोडून तयार झालेली ओळ तारखेसह जपून ठेवा.

एकट्या पबमेडवर थांबू नका. भारतातील प्रश्न असेल तर सीटीआरआय ही आपली चाचण्यांची नोंदवही पाहावीच लागते. ती जुलै २००७ मध्ये सुरू झाली आणि १५ जून २००९ पासून चाचण्यांची नोंदणी सक्तीची झाली. नोंदवलेली पण कधीच न छापलेली चाचणी तिथे सापडते, आणि ती का छापली गेली नाही हा प्रश्न छापलेल्यांइतकाच महत्त्वाचा असतो.

पाचवी पायरी : आकडे उतरवणे, आणि त्यांच्यावर संशय घेणे

माझ्या स्वतःच्या पहिल्या आढाव्यात जी चूक झाली ती सांगतो, कारण ती अजूनही दर दुसऱ्या मसुद्यात दिसते. एका निबंधात ३६ स्त्रियांचे सरासरी हिमोग्लोबिन १०.८ दिले होते आणि पुढे अधिक-उणे चिन्हानंतर ०.२ असे छापले होते. मी ते प्रमाणित विचलन, म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन समजून तक्त्यात उतरवले. प्रत्यक्षात ती प्रमाणित त्रुटी, म्हणजे स्टँडर्ड एरर होती. त्रुटीला माणसांच्या संख्येच्या वर्गमूळाने गुणले की विचलन मिळते, आणि ३६ चे वर्गमूळ ६. म्हणून खरे विचलन ०.२ गुणिले ६, म्हणजे १.२ होते. चुकीचा आकडा घातल्यामुळे साध्या फिक्स्ड-इफेक्ट पद्धतीत त्या छोट्याशा अभ्यासाचे वजन तब्बल छत्तीस पट वाढले आणि सगळ्या आढाव्याचा निष्कर्ष त्याच्या मागे फरपटत गेला. नियतकालिकाच्या संख्याशास्त्रीय परीक्षकाने एवढेच लिहिले की, छत्तीस गरोदर स्त्रियांपैकी जवळजवळ सगळ्यांचे हिमोग्लोबिन १०.४ ते ११.२ यांच्यामध्येच असावे, हे लेखकांना पटते का? मला ते आधीच खटकायला हवे होते. सगळे तक्ते पुन्हा करण्यात सात महिने गेले. तेव्हापासून आमच्या गटात दोघे जण आकडे स्वतंत्रपणे उतरवतात, आणि प्रत्येक आकड्यासमोर पान व तक्ता क्रमांक लिहितात.

संशय याच्याही पुढे न्यावा लागतो. कोविडच्या काळात आयव्हरमेक्टिन या जंतनाशक औषधाचे अनेक आढावे निघाले आणि मे २०२१ मध्ये गोवा सरकारने अठरा वर्षांवरील सर्वांना हे औषध देण्याचे जाहीर केले. त्या आढाव्यांत मोठे वजन असलेल्या इजिप्तमधील एका चाचणीचे प्रीप्रिंट, म्हणजे परीक्षणाआधीच इंटरनेटवर टाकलेला निबंध, जुलै २०२१ मध्ये मागे घेतले गेले. त्यातील मजकुराची उचलेगिरी आणि आकड्यांतील विसंगती, म्हणजे चाचणी सुरू होण्याआधीच मरण पावलेल्या रुग्णांच्या नोंदी, पकडणारा माणूस प्राध्यापक नव्हता. तो लंडनमधील वैद्यकाचा विद्यार्थी होता आणि ते निबंध वर्गाच्या अभ्यासासाठी वाचत होता. सप्टेंबर २०२१ मध्ये आपल्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतूनही हे औषध वगळले गेले.

चाचण्यांतील दोष तपासण्यासाठी आरओबी-२ हे साधन आणि एकूण पुराव्याची खात्री किती यासाठी ग्रेड ही पद्धत वापरतात; लेखन प्रिझ्मा या नियमावलीच्या २०२० च्या २७ मुद्द्यांच्या यादीनुसार करायचे असते. गणितासाठी आर हे मोफत सॉफ्टवेअर शिका. अभ्यास एकमेकांपासून फारच वेगळे असतील तर मेटा-ॲनालिसिस करू नका. शब्दांत मांडलेला प्रामाणिक आढावाही छापला जातो.

सहावी पायरी : एचटीएकडे वळण

दोन-तीन आढाव्यांनंतर वाट फुटते. कोणी पद्धतीशास्त्रात खोल जातो, कोणी अर्थशास्त्राकडे वळतो. दुसऱ्या वाटेला एक छोटा हिशेब समजला पाहिजे. समजा, शिरेतून लोह देण्याला गोळ्यांपेक्षा दर स्त्रीमागे १,२०० रुपये जास्त लागतात आणि त्यातून सरासरी ०.०१ क्वॉली मिळते; क्वॉली म्हणजे पूर्ण आरोग्यात जगलेले एक वर्ष. भागाकार केला की एका क्वॉलीला १,२०,००० रुपये पडले. एचटीएइनच्या मार्गदर्शिकेनुसार ही रक्कम देशाच्या दरडोई उत्पन्नाशी ताडून पाहतात, आणि ते आज दोन लाखांच्या वर आहे; म्हणजे उपचार परवडतो. पण तुमच्या आढाव्यात फायद्याचा अंदाजच ढिला असेल आणि खरा फायदा ०.००५ निघाला, तर तीच रक्कम २,४०,००० होते आणि निर्णय डळमळतो. (हे आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत.) आढाव्यातला निष्काळजीपणा असा थेट सरकारी तिजोरीपर्यंत पोचतो, म्हणूनच आढावा न शिकता एचटीएत उडी घेणाऱ्यांची मला धास्ती वाटते.

असा खर्च-फायद्याचा हिशेब मांडणारे मॉडेल बहुधा एक्सेलमध्येच बांधतात. खर्चाचे आकडे परदेशी निबंधातून उचलू नका. चंदीगडच्या पीजीआयच्या पुढाकाराने भारतीय रुग्णालयांतील खर्चाचा मोठा अभ्यास झाला आहे, आणि आयुष्याच्या गुणवत्तेचे भारतीय मूल्यांक २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले आहेत. भविष्यातील खर्च व फायदा यांवर दर वर्षी ३ टक्के वटाव धरायचा असतो, म्हणजे ते जितके पुढचे तितकी त्यांची आजची किंमत कमी धरायची.

सातवी पायरी : पद, पगार आणि पीएच.डी.

इथे गोड बोलून उपयोग नाही. संसाधन केंद्रांतील बहुतेक जागा प्रकल्पावरच्या, कराराच्या असतात. प्रकल्प संपला की पुढच्या प्रकल्पाची वाट पाहावी लागते. वैद्यकीय महाविद्यालयातील अध्यापकांची स्थिती थोडी बरी आहे, कारण राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२२ च्या पात्रता नियमांनी पदोन्नतीसाठी मूळ संशोधनाबरोबर मेटा-ॲनालिसिस आणि सिस्टिमॅटिक रिव्ह्यूही ग्राह्य धरले. अट अशी की नाव पहिल्या तीन लेखकांत असावे किंवा तुम्ही पत्रव्यवहार करणारे लेखक असावे. नियम बदलत असतात, तेव्हा अर्ज करताना ताजी अधिसूचना वाचा. निव्वळ आढाव्यावर पीएच.डी. करायची असेल तर गाइड आणि विद्यापीठाची संशोधन समिती यांना ते ‘मूळ संशोधन’ म्हणून मान्य आहे का, हे नोंदणीआधी लेखी घ्या. सुरक्षित रचना अशी : एक प्रकरण आढाव्याचे, दुसरे भारतातील खर्चाचे, तिसरे मॉडेलचे.

बाहेर जायचे असेल तर यॉर्क विद्यापीठ आरोग्य-अर्थशास्त्रासाठी नावाजलेले आहे, आणि बँकॉकच्या माहिडोल विद्यापीठात एचटीएचे स्वतंत्र शिक्षण मिळते. थायलंडची परिस्थिती आपल्याला अधिक जवळची असल्याने मी विद्यार्थ्यांना तिकडे पाहायला आवर्जून सांगतो. औषध कंपन्यांसाठी हेच काम करणाऱ्या सल्लागार कंपन्या पुण्या-मुंबईतही आहेत. तिथे पगार चांगला, हात लवकर बसतो, पण केलेल्या कामावर तुमचे नाव क्वचितच छापले जाते. दोन-तीन वर्षे तिथे काढून विद्यापीठात परत यायचे असेल तर एक तरी आढावा स्वतःच्या नावावर चालू ठेवा.

मुलाखतीची तयारी करताना प्रसिद्ध निबंधांच्या यादीबरोबर तुमच्या एका आढाव्याचे सगळे कागद एका फोल्डरमध्ये लावून ठेवा : शोधाच्या ओळी, दोघांच्या चाळणीच्या नोंदी, पान क्रमांकांसह आकड्यांचा तक्ता, आणि पूर्ण वाचून वगळलेल्या निबंधांची कारणांसह यादी. मी निवड समितीवर बसतो तेव्हा उमेदवाराला ती शेवटची यादी उघडायला लावतो, तिच्यातल्या कोणत्याही एका ओळीवर बोट ठेवतो आणि हा निबंध का वगळला ते विचारतो.